यंदा पन्हं नाही

दुपारचं जेवण झालं की यज्ञेश्वरराव रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी कूलरसमोर आडवे होत आणि डोळा लागतो न लागतो तोच खासदार होत. मग सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर विरून जाई, गच्चीवरची काळी भुकटी नाहीशी होई आणि बूढापाऱ्यापासून पार सिलतऱ्यापर्यंत रस्ताभर कडुनिंबाची सावली पडे. त्या सावलीतून ते संथ चालत. सायकलवाले उतरून नमस्कार करत. जाग येई तेव्हा वीज गेलेली असे आणि बनियन घामानं भिजलेलं.

रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा भला माणूस 'छाया-जल पार्टी'तर्फे लोकसभेला उभा होता. पक्षाचं नाव अख्ख्या रायपुरात त्यांच्याशिवाय कुणाला धड पाठ नव्हतं. चिन्ह मिळालं होतं काचेचा ग्लास. पाऱ्यातले लोक "काय खासदारसाहेब" म्हणून हसत. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून ते सोडून देत. पण बायको, गोदावरी, हसलीही नव्हती आणि रागावलीही नव्हती. प्रचाराला निघताना उन्हाची लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची, एवढंच. तिला आपण उमेदवार वाटतो की उन्हात हिंडणारा रिकामटेकडा म्हातारा, हे विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

अशात तिचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. दरसाल पाऱ्यातल्या मराठी बाया येत, आंब्याची डाळ खात, पन्हं पीत. ओट्यावर काचेचे ग्लास धुऊन मांडलेले दिसले तसे यज्ञेश्वरराव लगबगीनं आत आले.

"गोदे, यंदा पन्हं नको देऊ," ते म्हणाले. "मतदाराले खाऊपिऊ घालणं आचारसंहितेत बसत नाही. त्यात ग्लास म्हणजे आपलं चिन्ह."

"काहून? कोण तक्रार करून राहिलं तुमची?" कैरीचा गर कालवत गोदावरी म्हणाली.

ती सहज बोलली, पण खरं तेच होतं. तक्रार करावी इतकाही हा उमेदवार कुणाच्या खिजगणतीत नव्हता. यज्ञेश्वररावांनी चपला घातल्या आणि ते बूढा तलावाच्या काठी जाऊन बसले.

पाण्यावर ऊन तरंगत होतं. डोळे जड झाले, पण आज सावली काही पडेना. लोकसभेत बोलायला उभे राहिले तर सगळी बाकं रिकामी, आणि स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येईना. वाईट वाटलं त्यांना, फार वाईट वाटलं.

दिवेलागणीला परतताना गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या सुशीलाबाई भेटल्या. कपाळावर ताजं कुंकू, पण चेहरा उतरलेला.

"काय हो भाऊजी, यंदा घोटभर पन्हंही नाही? नुसतं कुंकू लावून वाटेला लावलं. वहिनी सगळ्यायले सांगून राहिल्या, आमचे हे उभे आहेत, निवडणूक होईस्तोवर या घरात कोणाले काही मिळणार नाही." मग त्या म्हणाल्या, "म्हणजे खरंच उभे आहात का तुम्ही? आम्हाले वाटे, असंच आपलं काहीतरी."

घरात गौरीपुढे समई तेवत होती. स्वयंपाकघरात पन्ह्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. यज्ञेश्वरराव तिथंच पाटावर टेकले.

"गोदे, मत कोणाले देशीन?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"ते सांगायचं नसते," पातेल्यावर झाकण ठेवत गोदावरी म्हणाली. "उमेदवाराले तर बिलकुलच नाही."