घोड्याचं औषध आणि उकंडराव

उकंडराव जऊळक्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते, रूळ बदलून गाडीला वाट करून देणारे. गाडी येताना हिरवी झेंडी घेऊन उभे राहिले, की ते कुणाशी बोलत नसत. एरवी मात्र ओळखीचा प्रवासी दिसला, की त्याच्या कोंबडीचंही तिकीट विचारत.

शहात्तर साली त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईच्या औषधांनी तो दबला आणि वर्षाच्या आत उलटला. मग ती औषधं लागू पडेनात. तिथल्या डॉक्टरांनी कळवलं, की एक नवं औषध तपासून पाहत आहोत, यायचं तर या. रेल्वेच्या पासवर उकंडराव आणि त्यांची पत्नी वच्छलाबाई निघाले. मी त्यांच्या शेजारी राहणारा मास्तर; शाळेला सुटी होती, म्हणून मीही सोबत गेलो.

डॉक्टर तरुण होते. खाटेवर बसून त्यांनी सगळं समजावलं. माणसाच्या रोगट पेशी घोड्याला टोचायच्या, त्यांच्याशी लढणारं द्रव्य घोड्याच्या रक्तात तयार होतं, ते वेगळं काढून रोग्याला द्यायचं. गुण येतो की नाही, हेच अजून पाहायचं होतं. साप चावल्यावर देतात तसंच हे, असं उकंडराव म्हणाले. डॉक्टर हसले आणि लगेच गंभीर झाले. सापाचं ते इंजेक्शनही घोड्याच्याच रक्तातून काढतात, ते पूर्वी कधी घेतलंय का, असं त्यांनी विचारलं. घेतलं असेल, तर घोड्याचं औषध पुन्हा अंगात गेल्यावर जीवावर बेतू शकतं.

"नाही," उकंडराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काही वर्षांपूर्वी रुळाजवळच उकंडरावांना साप चावला होता. वाशीमच्या दवाखान्यात ते इंजेक्शन दिलं, तेव्हा वच्छलाबाईच उशाशी बसल्या होत्या. खरं सांगितलं तर उरलेली एकच वाट बंद होणार, हे त्यांनाही कळत होतं.

"अवो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रुळावर धोंडा दिसला तं हिरवी झेंडी दावता काय तुमी?"

उकंडराव डॉक्टरांकडे वळले.

"घेतलं हाय, साहेब. साप चावला होता मले."

डॉक्टरांनी तरी हाताच्या कातडीत औषधाचा एक थेंब टोचून पाहिला. तिथे लाल गांध उठली, म्हणजे ते औषध अंगाला सोसणार नव्हतं. औषध मिळालं नाही.

परतल्यावर ते काही महिने जगले. त्याच काळात शिरपूरचे जगदेव त्याच आजारापायी, त्याच औषधासाठी मुंबईला निघाले. उकंडराव वच्छलाबाईंच्या आधाराने कसेबसे फलाटावर आले आणि त्यांच्या खिडकीशी उभे राहिले.

"जगदेवभाऊ, साप चावला होता काय कधी?"

जगदेव नाही म्हणाले.

"खरं सांगून राह्यले ना?"

जगदेवांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं, मग उकंडरावांकडे, आणि होकारार्थी मान हलवली. तेव्हा कुठे उकंडराव खिडकीपासून मागे सरले.