जुनंच आहे नं, बाप्पा

नवी वस्तू घरात आली की काका आधी तिला जुनी करत.

स्कूटरच्या किल्लीनं डब्यावर, पंख्याच्या पात्यावर, घड्याळाच्या पाठीवर एक बारीक ओरखडा काढायचा, त्यावरून बोट फिरवायचं आणि मग निवांत श्वास सोडायचा. नवा सदरा आधी दोनदा धुवायचा, रात्रभर उशीखाली चुरगळायचा, मग अंगात घालायचा. तरी कोणी म्हटलंच, "काका, सदरा नवा दिसून राहिला!" तर उत्तर तयार.

"कुठला नवा? जुनाच आहे नं, बाप्पा."

तात्यापाऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून ते भाड्यानं राहायचे. सरकारी कचेरीत नोकरी, पगार वेळेवर, घरात ते आणि काकू, दोघंच. पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, त्यांना कंजूस म्हणायचा. ते खोटं होतं. कंजूस माणूस वस्तू घेतच नाही. काका घ्यायचे, चांगली पाहून घ्यायचे, फक्त दिसू द्यायचे नाहीत. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. ज्याच्या महागड्या मोबाइलला फाटकं कव्हर आहे, त्याच्याकडे जरा नीट बघा.

याचं मूळ मला काकूनं सांगितलं. काकांच्या वडलांचं ब्राह्मणपाऱ्यात स्वतःचं घर होतं, दोन खोल्यांचं. एका वर्षी त्यांनी रेडिओ घेतला आणि हौसेनं ओसरीवर मोठ्या आवाजात लावून ठेवला. ऐकायला पारा जमला. त्यात एक चुलतभाऊ होता. रेडिओ आला म्हणजे दादाचं बरं चाललंय, असं त्यानं धरलं आणि धंद्याच्या कर्जाला जामीन राहा म्हणाला. वडलांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. सही केली. धंदा बुडाला, चुलतभाऊ गाव सोडून गेला आणि इकडे घर गेलं. रेडिओही गेला. आई लग्नघरी पापड लाटायला जाऊ लागली, तिथून उरलेलं आणायची, त्यावर काका शाळा शिकले.

घरात कोणी वडलांना दोष दिला नाही. रेडिओला दिला. आईनं मुलाला शिकवलं, "काही घेतलं तर दाखवायचं नाही. लोकं पाहतात अन् मग मागतात." 'नाही' म्हणायला मात्र त्या घरात कोणी कोणाला शिकवलं नाही.

भिंतीच्या अलीकडे आमच्या घरी नेमकं उलटं होतं. बाबा रेल्वेत. पगाराच्या दिवशी दिसेल त्याला समोसा, आणि महिनाअखेरीला भाजीवाल्याची हाक ऐकून आई आतून कडी लावायची. आजोबाही असेच होते म्हणे. म्हणजे एका भिंतीच्या इकडे नसलेलं दाखवायचे आणि तिकडे असलेलं झाकायचे.

फ्रिजची गोष्ट पारा अजून सांगतो.

फ्रिज आणायला काकांनी मे महिन्यातली भर दुपार निवडली. रस्ता ओस असतो म्हणून. खोकं दुकानातच सोडलं, कारण खोक्यावर चित्र होतं. फ्रिज ठेल्यावर आडवा घातला, त्यावर वरपासून खालपर्यंत पांढरी चादर टाकली आणि ती उडू नये म्हणून सुतळीनं बांधली. ठेल्याच्या मागे काका, उन्हामुळे डोक्यावर गमछा, मान खाली.

कोपऱ्यावरचा पानवाला ते पाहून उठून उभा राहिला. एका स्कूटरवाल्यानं गाडी बंद केली. कोणी चपला काढल्या. दारापर्यंत येईस्तोवर मागे बरीच माणसं गुपचूप चालत होती. समोरच्या आजींनी तर गळाच काढला.

"अवं माय, कोण गेलं वं?"

"कोणी नाही गेलं," काका पुटपुटले.

"मग हे काय आणून राहिले?"

"जुनंच आहे नं, बाप्पा."

तेवढ्यात दार उघडलं. काकू ठेवणीतली साडी नेसून, हातात आरतीचं ताट घेऊन, हसत उभी! पूजा आतल्या खोलीत करायची असं काकांनी तिला बजावलं होतं, पण तिच्यानं राहवलं नाही. आजींचं रडणं मधेच थांबलं. पानवाला काकूकडे पाहतो, चादरीकडे पाहतो, पुन्हा काकूकडे पाहतो.

शेवटी आमचे बाबा पुढे झाले, चादरीचा कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाले, "चला भैया, चौघं या. खांदा द्या. पण रामनाम नका घेऊ."

मी बी.कॉम. आहे. आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहणारी पहिली. हे मी जमेल तिथे सांगते, इथेही सांगून घेतलं. कॉलेज दूर होतं आणि सायकल नव्हती. बाबांचा स्वभाव असा की दुसऱ्याला समोसे चारतील, पण दुसऱ्याचं नवं काही घरात घेणार नाहीत. काकांना ते ठाऊक होतं. एका संध्याकाळी ते सायकल ढकलत आमच्या दारात आले.

"भाचीची जुनी पडून होती. पोट्टीले होईन कामाची."

दांड्यावर ओरखडे होते, खरेच होते. पण सीटखाली दुकानाचा पुठ्ठा तसाच अडकलेला. बाबांनी पुठ्ठा पाहिला, काकांकडे पाहिलं, पुठ्ठा काढून स्वतःच्या खिशात घातला.

"जुनी आहे तर राहू द्या," बाबा म्हणाले.

त्या सायकलवर मी पदवीधर झाले.

निवृत्ती जवळ आली तेव्हा काकांनी अभनपुर रोडला जागा घेऊन घर बांधायला काढलं. पाऱ्यात सांगितलं, "एका साहेबाचं घर आहे, मी फक्त पाहून राहिलो." मजुरांचे पैसे ठेकेदाराच्या हातून जायचे, म्हणून मालक कोण हे फक्त ठेकेदाराला माहीत. काका फाटकी टोपी घालून, काठी घेऊन बांधकामावर बसायचे. मिस्त्री त्यांना चौकीदार समजला. मी एकदा काकूनं दिलेला डबा पोचवायला गेले, तेव्हा मिस्त्री त्यांना विडी देत आपल्या बोलीत म्हणत होता, "मालिक बड़ कंजूस हे, बबा. सामने के पलस्तर तको नइ करावत हे."

"हव," काका गंभीरपणे म्हणाले, "महाकंजूस हे."

समोरच्या भिंतीला पलस्तर नको, हा हुकूम त्यांचाच. आत गुळगुळीत फरशी, बाहेर उघड्या विटा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याचं काम अर्ध्यात अडकलं.

काकू घर पाहून आली आणि तात्यापाऱ्यातल्या खाटेवर मांडी घालून बसली.

"मी नाही येत."

"काहून?"

"साहेबाच्या घरात मी काहून राहू? तुम्ही चौकीदार, तुम्ही जा."

"अवं, पण इथली खोली सोडायची आहे नं आता!"

"साऱ्या पाऱ्याच्या वास्तुशांतीले मी जाऊन आली. माझ्या दाराले एकदा तोरण लागू द्या, लोकं येऊ द्या. मग येते."

"पहाटे दार लावून पूजा करून घेऊ."

"फ्रिजची केली होती तशी?"

काका माझ्याकडे आले. "तू शिकलेली आहे. समजव तिले."

मी समजवायला बसले, पण काकांनाच. विचारलं, "काका, लोकांनी घर पाहिलं तर काय होईल?"

"कोणी मागितलं तर?"

"तर नाही म्हणायचं."

ते हातातली किल्ली फिरवू लागले. मग म्हणाले, "ते मले येत नाही वं."

साठीला आलेला माणूस हे इतक्या सरळ बोलला की मला हसू आलं नाही. मग आम्ही तालीम केली. मी नातेवाईक झाले, पदर डोळ्याला लावला. "काका, फार अडचण आहे हो."

"अरे अरे," काका म्हणाले. "किती पाहिजेन?"

"काका!"

"नाही, म्हणजे, पाहतो."

"पाहतो नाही. नाही!"

काकूनं वाट पाहिली नाही. कुंकवाची कोयरी आणि अक्षता घेऊन ती घरोघरी फिरली. "आमच्या नव्या घराची वास्तुशांती आहे, या बरं." 'नव्या' हा शब्द ती प्रत्येक दारात जरा मोठ्यानं म्हणाली.

सगळे आले. उघड्या विटांवर झेंडूचं तोरण, दारात काकू, डोळे काकांवर. ठेकेदारानं मिस्त्रीलाही जेवायला आणलं होतं. त्यानं काकांना धोतर-उपरण्यात पाहिलं आणि ओरडला, "अरे चौकीदार बबा! मालिक कहाँ हे?"

पारा काकांकडे पाहू लागला. काकांचा हात कमरेला गेला, पण धोतराला खिसा नसतो आणि किल्ली काकूकडे होती.

"मालिक मैं हंव," काका म्हणाले.

मिस्त्रीचा चेहरा पडला. "अउ वो कंजूस?"

"हव. उहू मैंच हंव."

इतकं हसू उसळलं की गुरुजींनी मंत्र थांबवला.

पण खरी परीक्षा पंगतीत झाली. गाव सोडून गेलेल्या त्या चुलतभावाचा नातू नातेवाइकांबरोबर आला होता. काका जिलबी वाढत त्याच्यापर्यंत आले.

"काका, घर मस्त झालं. मी दुकान टाकून राहिलो. कर्जाले जामीन राहता का?"

काकूच्या हातातला वरणाचा डाव वरच राहिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. म्हटलं, आता तुमचं तुम्ही.

"नाही," काका म्हणाले.

आवाज फाटला होता, पण शब्द पूर्ण होता.

"बरं," पुतण्या म्हणाला. "जिलबी आहे का अजून?"

काकांनी त्याला आणखी दोन वाढल्या, आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि बाहेर येऊन सगळ्यांना एकेक खोली दाखवत सुटले. फरशी दाखवली, नळ दाखवले, फ्रिज दाखवला. "नवा घेतला होता," ते आजींना म्हणाले. "बाकी तुम्ही पाहिलाच होता."

दिवाळीला पुढच्या भिंतीला पलस्तर झालं, पिवळा रंग लागला, दारावर नावाची पितळी पाटी आली. पाटीच्या कोपऱ्यात एक बारीक ओरखडा आहे. सवय होती, एवढं चालायचंच.

मागच्या वर्षी काका गेले. पांढरी चादर पाहून मला भर रडण्यात ठेल्यावरचा फ्रिज आठवला. काकूलाही आठवला असणार, कारण तिनं माझा हात घट्ट दाबला आणि दोघींनी माना खाली घातल्या. तात्यापाऱ्यातून पूर्ण पारा आला होता. पत्ता कोणाला विचारावा लागला नाही.

काकू आता तिथेच राहते, दार दिवसभर उघडं ठेवून. ब्राह्मणपाऱ्यात गेलेलं घर काकांनी अभनपुर रोडला पुन्हा उभं केलं. ते त्यांचं स्वतःचं होतं, नवं होतं, आणि हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.