तिएलीची मुरड

बियाजो स्कार्पातीला स्वस्थ बसलेला पाहिलाय असं शपथेवर सांगणारा माणूस दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सेत गावात मिळायचा नाही. चर्चमध्ये तो मागच्या खांबाशी उभं राहून प्रार्थना ऐकतो, कारण बाकावर बसला की त्याचे गुडघे हलायला लागतात आणि पुढच्या बायका वळून बघतात. त्याची बायको होती तोवर तिची एक पद्धत होती. रविवारी मॅकरोनीचा रस्सा चुलीवर चढला, त्यात दोऱ्याने बांधलेल्या मांसाच्या गुंडाळ्या पडल्या, की ती आधी नवऱ्याला घराबाहेर काढायची. नाहीतर दुपारपर्यंत मंद आचेवर ठेवायच्या त्या रश्श्याचं झाकण हा घडीघडी उचलून बघायचा. मग स्वारी कालव्याच्या काठाने फेऱ्या मारायची, सुटीच्या दिवशी जाळी दुरुस्त करणाऱ्या कोळ्यांना नको ते सल्ले द्यायची आणि जेवायच्या वेळी परत यायची.

एकाच कामात त्याचा जीव थाऱ्यावर यायचा, ते म्हणजे तिएलीला मुरड घालताना. पत्र्याच्या उथळ गोल डब्यात खाली पिठाची पोळी, तिच्यावर टोमॅटो आणि मिरचीत शिजवून रात्रभर निथळलेलं ऑक्टोपसचं सारण, वर दुसरी पोळी, आणि मग उजव्या अंगठ्याने कड दाबत, मुडपत एक गोल फेरी. ही फेरी बियाजो अशी घ्यायचा की बघणाऱ्याचीही धडधड कमी व्हावी. वरून तांबडं तेल फासलं की तिएल भट्टीत.

टेकडीवरच्या आमच्या जुन्या वस्तीत सगळ्यांचे आजे इटलीतल्या एकाच किनाऱ्यावरून, होड्या आणि बायकापोरं घेऊन आलेले. त्यामुळे सारण सगळ्यांचं तेच, भांडणंही तीच: पिठात शेजारच्या फ्रोंतिन्यां गावची गोड वाइन घालायची की नाही, मिरची किती. पण मुरड ज्याची त्याची. कुणाची दाट, कुणाची रुंद, कुणाची तिरकी. बियाजोची बारीक आणि खोल, त्याच्या आईकडून आलेली. मुरड कच्ची राहिली तर भट्टीत रस उकळून बाहेर येतो आणि तळाशी काळा होऊन चिकटतो. याला आम्ही तिएल रडली म्हणतो. बियाजोची तिएल कधी रडत नाही, हे तो स्वतःच लोकांना सांगायचा. लोकही मान डोलवायचे, कारण ते खरं होतं.

आता ऑगस्टमधल्या सेंट लुईच्या जत्रेत, चौसष्टाव्या वर्षी, पांढरे कपडे घालून कालव्यातल्या झुंजीत उतरायची काही गरज होती का? पण म्हाताऱ्या खेळाडूंचा सामना जाहीर झाला आणि याच्या अंगात आलं. होडीच्या शेपटीवरच्या उंच फळीवर ढाल आणि भाला घेऊन हा उभा राहिला. ढोल वाजले, सनया वाजल्या, समोरची होडी आली, भाला ढालीवर बसला आणि बियाजो पाण्यात गेला. पाण्यात पडण्याचं कुणाला काही नसतं, सगळेच पडतात. पण पडताना माणूस भाला सोडून देतो. यानं सोडला नाही. भाला आणि होडीची कड यांच्यामध्ये उजवा अंगठा सापडला, आतली शीर तुटली. मोंपेलियेच्या डॉक्टरांनी ती शिवली आणि हात दीड महिना पट्टीत बांधून ठेवला.

"दुकान बंद ठेवू," बियाजो म्हणाला.

"कशाला?" ओदील म्हणाली. "मी करते."

ओदील त्याची सून. मुलगा रेमी टुनाच्या बोटीवर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. ही त्याला भेटली कुठे, तर पार उत्तरेत, जिथे लोक सगळं लोण्यात परततात आणि ऊन पडलं की एकमेकांना बातमी देतात. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, सासऱ्याबरोबर दुकानात उभं राहून सात. पीठ मळायला ती, ऑक्टोपस साफ करायला ती, गल्ल्यावर ती. मुरडीला मात्र तिचा हात कधी लागू दिला नव्हता. तिनेही कधी मागितलं नव्हतं. पण सात वर्षं शेजारी उभं राहणाऱ्या माणसाचे डोळे काही झाकलेले नसतात.

गत्यंतर नव्हतं. बियाजो पट्टी बांधलेला हात छातीशी धरून भटारखान्यात तिच्याभोवती घिरट्या घालू लागला. "दाब. इतकं नको. आता मुडप. अगं, चादरीची घडी घालतेयस का?" ओदील मुरडतच राहायची. तिसऱ्या दिवशी ती फक्त म्हणाली, "पापा, तुम्ही गल्ल्यावर बसा. तिथे फिरायला जागा कमी आहे."

तर बियाजो गल्ल्यावर आला आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वाट बघणं सुरू झालं. तो तक्रारीची वाट बघत होता.

कुणीतरी येईल आणि म्हणेल, ही चव ती नाही. निदान ही मुरड ती नाही. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं थट्टा करायची, "काय रे बियाजो, आत लोणी तर नाही ना घातलं?" आणि तिएली घेऊन जायची. बियाजो दुसऱ्या दिवशी त्यांची तोंडं न्याहाळायचा. "कशी होती काल?" असं अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचा.

"छान होती."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान. नेहमीसारखी. सहा दे."

नेहमीसारखी. हा शब्द त्याच्या जिवाला कुरतडत राहिला. लहानपणापासून आईच्या मागे उभं राहून शिकलेली मुरड, आणि उत्तरेतली पोरगी पंधरा दिवसांत नेहमीसारखी? मग इतकी वर्षं हे लोक खात काय होते? त्याला रात्री झोप लागेना, सकाळी गल्ल्यावर बसवेना. तो बंदरावर जाऊन लिलावाच्या दाराशी उभा राहायचा, तिथून बाजारात, तिथून परत दुकानात, आणि आल्याबरोबर ओदीलला विचारायचा, "कुणी काही म्हणालं?"

"नाही. कशाबद्दल?"

"काही नाही."

त्याची सगळी मदार तितीनवर होती. तितीन ही त्याची थोरली बहीण. खरं नाव रेस्तितूत, पण एवढं लांब नाव घेऊन तिला हाक मारायला कुणाला सवड नव्हती. तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की मासळीबाजारातल्या बायकाही वाट देतात. तिने एकदा पाद्रीबाबांना तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या प्रवचनापेक्षा शिळी झेझेत बिस्किटं बरी, निदान ती वाइनमध्ये बुडवून तरी खाता येतात. ती तर बोलेलच. पण तितीनसुद्धा दर शनिवारी आली, दोन तिएली घेऊन गेली आणि त्यांच्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. बियाजोला वाटलं, म्हातारीची जीभ गेली.

पट्टी सुटली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू हलवा, पूर्वीसारखा होईलच असं नाही. यातलं पहिलं बियाजोने ऐकलं. घरी त्याने सांगितलं की अजून विश्रांती घ्यायची आहे. आणि एका शुक्रवारी, ओदील यायच्या आधी, तो एकटा भटारखान्यात गेला. बाहेर उत्तरेचा वारा दार हलवत होता. त्याने पीठ लाटलं, सारण भरलं आणि एक ताटभर तिएलींना स्वतःच्या अंगठ्याने मुरड घातली. अंगठा दुखत होता, मधेच बधिर व्हायचा, कुठे दाबला जातोय ते कळायचं नाही. पण वरून पाहिलं तर कड ठीक दिसत होती. भट्टीतून काढल्यावर दोन रडलेल्या निघाल्या. त्या त्याने उभ्याउभ्या खाऊन टाकल्या, जीभ भाजली तरी. बाकीच्यांचे तळ न बघताच त्याने त्या दुकान उघडताना ओदीलच्या तिएलींशेजारी काचेच्या पेटीत ठेवल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मनात त्याने सगळं जुळवलं होतं. कुणीतरी घरी जाऊन घास घेईल, थांबेल, आणि उद्या येऊन म्हणेल, "बियाजो परत आला की काय?" बस, एवढं एक वाक्य त्याला हवं होतं. त्या दिवशी तितीनही आली, कारण त्या रात्री तिच्याकडे पाहुणे येणार होते. त्याने तिला मुद्दाम आपल्या ताटातल्या दोन दिल्या.

शनिवारी दुकान दाराबाहेरपर्यंत भरलेलं होतं. रविवारच्या जेवणाआधी तोंडात टाकायला लोक आदल्या दिवशीच तिएली नेऊन ठेवतात. बियाजो गल्ल्यामागे या पायावरून त्या पायावर होत होता. तितीन आली ती रांग बाजूला सारतच. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिने गल्ल्यावर ठेवलं आणि कागद उलगडला.

अर्धी तिएल होती. कड फाकलेली, आतलं सारण कोरडं ठणठणीत, तळ काळाकुट्ट.

"हे काय आहे?" तितीन म्हणाली. "नणंदेसमोर माझी शोभा झाली. सुरी लावली तर झाकण वेगळं आणि तळ वेगळा. रडून रडून आतमध्ये काही उरलंच नव्हतं. दीड महिना मी गप्प आहे, म्हटलं, पोरगी धडपडतेय, शिकू दे. पण बियाजो, कुणाच्या हाती दुकान द्यायचं याला काही सुमार असतो. लोण्याच्या गावची माणसं ही. हिला म्हणावं बटाटे तळ."

रांगेतलं कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "कालची माझीही गळत होती. मी म्हटलं, कशाला बोला."

ओदील पिठाचे हात घेऊन दारात आली होती. ती पुढे झाली, तिने ती अर्धी तिएल उचलली आणि उजेडाकडे धरून कड पाहिली. बारीक, खोल मुरड, आणि दर तीनचार घड्यांनंतर एक जागा जिथे अंगठा टेकलाच नव्हता. तिने बियाजोकडे पाहिलं. एक क्षणभर. मग तिएल खाली ठेवली.

"माझंच चुकलं, तितीन आत्या," ती म्हणाली. "काल घाई झाली. दोन ताज्या देते, पैसे नकोत."

दीड महिना ज्या तक्रारीसाठी बियाजो तळमळला ती समोर कागदावर पडली होती, आणि ती त्याचीच होती. गप्प राहिला असता तर काही बिघडणार नव्हतं. उलट सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं: सून आत पीठ मळायला, आणि तो परत भटारखान्यातल्या आपल्या फळीपाशी. कुणी विचारलंही नसतं. त्याला हे सगळं एका दमात दिसलं आणि त्याची त्यालाच शिसारी आली.

"तिची नाही ती," तो म्हणाला. "माझी आहे."

तितीनने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"बघा," ती रांगेकडे वळून म्हणाली, "याला म्हणतात सासरा. दोष आपल्या अंगावर घेतोय. आमच्या बापाने कधी सुनेसाठी एवढं केलं नाही."

"मी खरं सांगतोय. काल सकाळी मी केल्या. माझ्या हातानं."

"बस रे बाबा. तुझी तिएल आणि रडेल? साठ वर्षं तुम्हा मायलेकांची मुरड खातेय मी."

रांगेतल्या लोकांनीही मान डोलवली. मागून एक म्हातारा म्हणाला, "बियाजो, तू मोठ्या मनाचा आहेस." आणि बियाजोला कळून चुकलं की तोंडाने कितीही सांगितलं तरी हे लोक ते मानणार नाहीत. इतकी वर्षं त्याने स्वतःच त्यांना पढवलेलं होतं.

तो आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात एक भरलेला डबा होता, वरची पोळी नुसतीच पसरलेली. तो त्याने गल्ल्यावर, त्या काळ्या तुकड्याशेजारी ठेवला.

"पापा, राहू द्या," ओदील हळूच म्हणाली.

त्याने उजवा अंगठा कडेवर टेकवला. दाबला, मुडपला. पहिल्या दोन घड्या बसल्या. तिसरीला अंगठा थरथरला आणि घसरला. त्याने पुन्हा टेकवला. पुढचं दाबेपर्यंत मागची घडी सुटून वर आली. त्याने दात आवळले, मनगट डाव्या हाताने धरलं आणि पुन्हा दाबला. पीठ अंगठ्याला चिकटून उचललं गेलं आणि सारणाचा तांबडा रस गल्ल्यावर आला. रांगेतले लोक माना उंचावून बघत होते. बियाजोच्या कपाळावर घाम आला होता, पण त्याने हात लपवला नाही. पाव फेरी झाली तेवढी त्याने सगळ्यांना नीट बघू दिली. मग डबा ओदीलकडे सरकवला.

"तू कर."

ओदीलने त्याच्या घड्या मोडल्या नाहीत. जिथे त्याने सोडलं होतं तिथून तिने अंगठा लावला आणि फेरी पुरी केली. बारीक, खोल, सलग. शेवटी मागे येऊन त्याच्या सुटलेल्या घड्याही तिने दाबून घेतल्या. बियाजो पाहत राहिला. पाहता पाहता त्याचे पाय एका जागी थांबले होते, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तितीन तिच्या भावाच्या हाताकडे बघत होती. तिने नाक पुसलं, रुमाल पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली, परत उघडली.

"दोन दे," ती म्हणाली.

काचेच्या पेटीत कालच्या त्याच्या चारपाच अजून उरल्या होत्या, एका बाजूला. बियाजोचा हात पेटीवर थांबला.

"कुणाच्या?"

तितीन जन्मात त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. आता मात्र तिला खोटं बोलावंसं वाटत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने एकदा त्या बाजूला पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"ओदीलच्या," ती म्हणाली.

बियाजोने दोन तिएली काढल्या, डाव्या हाताने कागदात गुंडाळल्या आणि दोरी बांधायला ओदीलकडे दिल्या.