सांडलेली ओटी

अक्षर वाकडं आहे, माफी असावी. शुद्धलेखनही चुकलं असेल. शाळा चौथीपर्यंत झाली आणि ती उजव्या हातानं झाली. हे डाव्या हातानं लिहिते आहे, म्हणून ओळ वर चढते, मग खाली घसरते. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी माफी मागितली. सवय आहे.

डॉक्टरच्या बायकोनं माझी ओटी भरली, तिथपासून सांगते.

बीडला दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर त्यांचं घर. पांढरी गुळगुळीत फरशी. चपला खाली जिन्यातच काढायला लावल्या. मला पाटावर बसवलं. आमच्याकडून मालक, म्हणजे माझा नवरा, आणि आण्णा. आण्णा मालकांचे चुलतभाऊ, गुत्तेदार, कंत्राटं घेतात. गावातली भांडणं तेच मिटवतात.

माझ्या वकीलबाईंनी डॉक्टरला नोटीस पाठवली होती. प्लॅस्टर आवळून घातलं, हात गेला, भरपाई द्या. नोटीस गेली आणि आठ दिवसांत आण्णा घरी आले. म्हणाले, "कोर्टकचेरी कशाला करायची? डॉक्टर तुला भन मानायला तयार हाय. साडीचोळी करतेत, वटी भरतेत. वर रोख हाय."

"पदर धर," डॉक्टरांच्या मॅडम म्हणाल्या.

ओटीचा पदर दोन्ही हातांनी धरतात. माझा उजवा हात कोंबडीच्या पायासारखा आत वळलेला. बोटांना काही समजत नाही. एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं उजव्या मनगटावर टाकलं. मॅडमनी ओंजळभर तांदूळ सोडले. ते सगळे एका बाजूनं फरशीवर गेले. नारळ गडगडत सोफ्याखाली गेला.

"अगं, धर की नीट. एवढंही जमत नाही का?"

मग त्यांना आठवलं असावं. कामवाल्या बाईला हाक मारली, "हे झाडून घे गं." तिनं माझ्या पायाशी झाडू फिरवला. मी पाय वर घेतले. माझ्या ओटीचे तांदूळ सुपलीत गेले.

डॉक्टर आतल्या खोलीतून आले. फोन कानाला. माझ्याकडं पाहिलं नाही.

"झालं ना, आण्णा?"

"झालं सायब. आता ही तुमची भन."

"हो, हो," म्हणाले आणि फोनवर बोलत खाली गेले.

पाकीट आण्णांच्या हातात गेलं. माझ्यापुढं कागद आला. माझी काही तक्रार राहिली नाही, असं त्यात होतं म्हणे. शाईचं पॅड आलं.

"मला सही येते," मी म्हणाले.

माझा आवाज बारीक आहे. घरातसुद्धा कुणाला ऐकू जात नाही. आण्णांनी माझा उजवा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला. मला काही लागलं नाही. अंगठा माझाच. पण दुसऱ्या कुणाचा उठवतायत, तशी मी बघत बसले.

आता हात कसा गेला ते.

पालीजवळ हायवेला ढाबा आहे. तिथं मी भाकरी थापायचे. ओल्या फरशीवर पाय सटकला, हातावर पडले. मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली. ह्या डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं आणि घरी पाठवलं. दिवस मावळायच्या आत ठणका लागला. बोटं वांग्यासारखी फुगली, निळी झाली. मालकांनी फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "हाड मोडलंय, दुखणारच की."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. दुपारपर्यंत बाकावर बसलो. मी दात चावून रडत होते, आवाज न करता. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी बोटं लांबूनच पाहिली.

"तुम्हा बायकांना जरा सहन करायला नको. हात उशीवर ठेवायचा. पाच दिवसांनी या."

मालक म्हणाले, "सायब, बोटं काळी पडायलीत."

"डॉक्टर तुम्ही आहात का मी?"

दारात उभी असलेली माणसं हसली. मालकही हसले. मीही हसले असेन.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ठणका थांबला. एकदम थांबला. मला बरं वाटलं. मालकांना म्हणाले, "बघा, सायबाचं खरं होतं." महादेवाला बेल वाहून आले. हात मरत होता आणि मी बेल वाहत होते.

बोटं हलेनात तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टर कापलं. एकेका बोटाला सुई टोचली. "कळतंय?" नाही. "इथं?" नाही. मग विचारलं, "दुखत होतं तेव्हा का नाही आलात?"

"आलतो," मी म्हणाले.

त्यांनी सुई ठेवून दिली.

ढाब्याच्या चाचांनी मला काढलं नाही. भांडी घासायला ठेवलं. एकदा तवा उचलायला गेले. जळका वास आला, तेव्हा कळलं की माझी बोटं तव्याला टेकलीत.

वकीलबाई त्याच ढाब्यावर जेवायला यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "चाचा, भाकरी कुणी केली आज? पहिल्या बाई कुठं गेल्या?" चाचांनी मला बोलावलं. मी हात पदराखाली घेऊन उभी राहिले. त्यांनी पदर बाजूला केला आणि हात बघितला. नोटीस तिथून निघाली. आणि नोटिशीतून ती ओटी निघाली.

पाकिटात चाळीस हजार होते. घरी पस्तीस आले. पाच आण्णांनी धावपळीचे ठेवून घेतले. पैशांची जुनी मोटारसायकल आली. साडी ट्रंकेत गेली. वकीलबाई ढाब्यावर यायच्या तेव्हा मी मागच्या बाजूला जाऊन बसायचे.

मला सख्खा भाऊ नाही. माझं माहेर घाटनांदूर, आम्ही तिघी बहिणीच. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. मीही ओवाळत आले. खोटं कशाला लिहू, मला वाटलं होतं की आता भाऊ झाला. रक्ताचा नसेल, पण ओटी भरून झाला. मालक म्हणाले, "जाऊन येऊ म्हणतो मी. भाऊ म्हणून बोटं तरी सरळ करून देईल फुकटात."

त्यांनीच दिलेली साडी नेसले. डाव्या हातानं करंज्या केल्या, कडा उकलल्या त्यांच्या. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, वर रुमाल. दवाखाना उघडा होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, आधी केसपेपर काढा."

"भाऊबीजेला आले मी. सायबाला ओवाळायला."

तिनं ताटाकडं पाहिलं. हसू दाबलं. "हो, पण नंबराशिवाय सोडायचं नाही म्हणून सांगितलंय सरांनी."

मालकांनी केसपेपरचे पैसे भरले. त्याच बाकावर बसलो. ताट मांडीवर.

नंबर आला. आम्ही दोघं आत गेलो. मागोमाग पुढच्या नंबरची म्हातारी आणि तिची सूनही आत आल्या. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते.

"काय होतंय?"

मी ताट पुढं केलं. त्यांना हात तेवढा दिसला. त्यांनी हात धरला. मोडलेला तोच हात, मरताना लांबून पाहिलेला. उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून सरळ करून पाहिली. अगदी हळू. चांगला डॉक्टर बघतो तसं.

"अरेरे," म्हणाले. "हे जुनं आहे. प्लॅस्टर घट्ट झालेलं दिसतंय. वेळेत कापलं असतं तर हात वाचला असता. कुणी घातलं होतं?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हतं.

"तुमी," मी म्हणाले.

"काय?"

माझं ऐकू गेलं नाही की मी बोलणं सोडून देते. जन्मभर तेच केलं. त्या दिवशी परत बोलले आणि मोठ्यानं बोलले.

"तुमी घातलं होतं. हितंच. बोटं काळी पडली म्हणून आमी आलतो. डॉक्टर तुम्ही आहात का मी, असं म्हणलात."

त्यांनी हात सोडला. तो टेबलावर आपटला. आवाज ऐकला, लागलं नाही. त्यांनी आता माझं तोंड पाहिलं. मग साडी पाहिली. मग ताट.

"अच्छा, त्या तुम्ही," म्हणाले. "पण ते मिटलंय ना आपलं?"

मागून म्हातारीनं विचारलं, "काय मिटलं गं बाई?"

"न्हाई मिटलं," मी म्हणाले आणि ताट उचलून बाहेर आले. मालक आत थांबून माफी मागत होते. ऐकू येत होती.

दिवस मावळल्यावर पश्चिमेला चंद्राची कोर आली. तिला ओवाळलं. दर वर्षीसारखं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई ढाब्यावर आल्या तेव्हा मी मागं गेले नाही. त्यांनी सरळ सांगितलं. "पैसे घेतलेत, अंगठा दिलाय. ते लोक तेच दाखवतील. आधी सगळे पैसे परत करा, मग ग्राहक आयोगात उभं राहू. दोन वर्षांच्या आत केस टाकावी लागते. आणि जिंकूच, असं मी सांगत नाही."

"न्हाई जिंकलो तरी चालंल," मी म्हणाले.

मालक पेटले. "भरलेली वटी परत करतेत का कुठं? घरात अवदसा शिरंल."

"ती शिरून लई दिवस झाले."

"आन् मोटारसायकल इकायची म्हणतीस?"

"व्हय."

कितीतरी दिवस बाहेरच जेवले. पण एका सकाळी मोटारसायकल पुसून घेऊन गेले आणि संध्याकाळी पायी आले. पैसे माझ्यासमोर ठेवले. कमीच आले होते.

आण्णा आले. चहा घेत म्हणाले, "लई शानी झालीस. चौथी शिकलेली बाई तू. वकिलानं आडवं इचारल्यावर रडशील तिथं."

"आण्णा, तुमच्याकडले पाच हजार द्या. मला पुरे चाळीस द्यायचेत."

चहा अर्धा ठेवून उठले. पाच हजार दिले नाहीत. तेही मीच भरायचे ठरवलं.

डाव्या हातानं भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरी एका बाजूनं फाटायच्या. चाचा म्हणायचे, "बाजी, गोल नै तो क्या हुआ, पेट में जाके कोन देखता?" आणि स्वतःच्या ताटात घ्यायचे. बाजी म्हणजे त्यांच्याकडं बहीण. जमायला दिवस लागले. थापून झालं की परातीत पीठ उरायचं. त्यात डाव्या बोटानं माझं नाव लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे.

मोटारसायकलचे पैसे आले तेव्हा ते द्यायला दवाखान्यात पहिल्यांदा गेले होते. साडी, खण आणि नवा नारळ घेऊन, कारण जुना आम्ही फोडून खाल्ला होता. तांदूळही नेले. मॅडम खाली आल्या. हात मागं घेतले. "ओटी परत घेत नसतात. अपशकुन असतो."

"माझी सांडलीच होती," मी म्हणाले आणि सगळं काउंटरवर ठेवून आले.

उरलेले पैसे दर महिन्याला नेले. शेवटचे काल. वकीलबाई सोबत होत्या. सगळी रक्कम परत मिळाली, असा कागद त्यांनी करून आणला होता. मॅडमनी सही केली. काउंटरच्या मुलीनं शाईचं पॅड माझ्याकडं सरकवलं.

"मावशी, अंगठा."

मी पॅड परत सरकवलं. पेन घेतलं, डाव्या हातात. मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, "आवरा की बाई." मी आवरलं नाही. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिथं मी माफी मागितली नाही.

सोमवारी केस दाखल होईल. वकिलानं आडवं विचारलं तर विचारू दे. ऐकू गेलं नाही तर मी परत सांगेन, तिसऱ्यांदा सांगेन. मी त्यांची बहीण नाही. तक्रारदार आहे.

त्यांचे पैसे पूर्ण फिटले. माझा हात त्यांच्याकडं बाकी आहे.