नगनानांचे एकेचाळीस मासे

वनखात्याच्या कोठारात नानांनी कारकून म्हणून सव्वीस वर्षं काढली, आणि एवढ्या काळात कोठारातली एक खुरपीसुद्धा त्यांच्या नजरेआड झाली नाही. कुणी चार बादल्या मागितल्या, तर नाना त्या ओळीने मांडत, प्रत्येकीच्या बुडाला टिचकी मारत आणि मग रजिस्टरात लिहीत, ‘बादल्या, चार नग.’ बोलतानाही तेच. घरी पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगायचे, “काल पाच नग आले होते, दोन जेवून गेले.” म्हणून सगळे त्यांना नगनाना म्हणत. एकदा एक करवत सापडेना, तेव्हा नानांनी ऑफिसचं दार आतून लावून घेतलं आणि मोठ्या साहेबांसकट सगळ्यांना तीन तास कोंडून ठेवलं. करवत निघाली साहेबांच्याच कपाटामागे. तेव्हापासून साहेबलोक नानांशी जरा जपूनच असत.

पाण्याशी मात्र नानांचं कधी जमलं नाही. लहानपणी हौदात पडले होते, तेव्हा बसलेली धास्ती त्रेपन्नाव्या वर्षीही तशीच होती. आंघोळ बारा तांबे, तेराव्याला हात नाही.

अशा माणसाला नव्या वनअधिकारी मॅडमनी एका सकाळी बोलावून घेतलं.

“नाना, तुम्हाला मोजता येतं ना?”

हा प्रश्न नानांना असा लागला, जसा मांजराला ‘तुला उंदीर माहीत आहे का’ विचारल्यावर लागेल. “काय मोजायचंय?” त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

“मासे.”

“कोठारात मासे नाहीत.”

“ओढ्यात आहेत.”

“मग काढून आणा. मोजून देतो.”

“बाहेर काढले की मरतात, नाना. तुम्हालाच आत जावं लागेल.”

नाना दाराकडे वळले. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं (तेही नानांनी संशयानेच घेतलं) आणि समजावून सांगितलं. ऑफिसमागच्या जंगलातून एक ओढा वाहतो. त्याच्या वरच्या अंगाला काठची झाडं अजून उभी आहेत. पाण्यावर सावली आहे, मोडून पडलेले ओंडके ओढ्यातच आडवे पडले आहेत. खालच्या अंगाला चार वर्षांपूर्वी काठ साफ केला, झाडं तोडली, पडलेलं लाकूड ओढून नेलं. दिसायला छान, अगदी अंगणासारखं. आता वखारवाल्याने वरचा काठही साफ करायला मागितला होता. मॅडमचं म्हणणं, सावली गेली की पाणी तापतं आणि ओंडके गेले की माशांना दडायला जागा उरत नाही.

“पण माझं म्हणणं कोण ऐकतो? मोठ्या साहेबांना आकडा हवाय. आधी एका रखवालदाराला पाठवलं, त्याने लिहून आणलं, ‘बरेच’. दुसऱ्याने झाडाखाली झोप काढली आणि लिहिलं, ‘शंभर’.”

‘बरेच’ हा शब्द ऐकून नानांच्या कपाळाची शीर उडाली. हिशेबाच्या कागदावर ‘बरेच’! पाण्याची भीती एकीकडे आणि ‘बरेच’ दुसरीकडे. दोन्हींचं वजन करता करता नाना कधी ‘हो’ म्हणून गेले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

अडचण एकच होती. तो वखारवाला नानांचा सख्खा मेहुणा होता.

घरी नानांनी पिशवीतून काळा रबरी पोशाख काढला, डोळ्यांवर बसवायचा काचेचा मुखवटा काढला, तोंडात धरायची वाकडी नळी काढली. बायको कणीक मळत होती. तिने हात न थांबवता सगळं पाहिलं.

“हे कशाला?”

“पाण्यात पालथं पडून मासे मोजायचेत.”

“तुम्ही?”

“गुडघाभरच पाणी आहे.”

“हौदातही तेवढंच होतं,” ती म्हणाली, आणि मग रबराच्या त्या पोशाखात नवऱ्याला कोंबायला स्वतःच उठली. अर्धा तास झटापट चालली. शेवटी नाना आत बसले तेव्हा दोघंही घामाघूम झाली होती आणि नानांच्या पाठीवर कणकेचे दहा ठसे उमटले होते.

पहिल्या दिवशी ओढ्यात पालथं पडायलाच त्यांना पाऊण तास लागला. काठावरच्या मुळीला एका हाताने घट्ट धरून त्यांनी तोंड पाण्यात घातलं, आणि लगेच वर काढलं. पुन्हा घातलं. सातव्या खेपेला डोळे उघडले, आणि समोर बोटाएवढा, पोटाशी चांदीसारखा मासा त्यांच्याकडे बघत स्थिर उभा होता. नाना नळीतूनच बोलले, “एक.” पुढचं सोपं झालं. मोजायला काही मिळालं की नानांना भीतीला वेळच उरत नसे.

दोन, तीन, चार करत ते दगड धरून इंचाइंचाने वर सरकू लागले. अकरावर पोचले आणि कुणीतरी मागून त्यांचे दोन्ही पाय धरून त्यांना खसकन काठावर ओढलं. तिघं लाकूडतोडे होते. एकाने नानांना पालथं घातलं, दुसरा त्यांच्या पाठीवर बसला आणि तिसरा ओरडला, “दाब! पाणी काढ सगळं!”

“अकरा! अकरा!” नाना कळवळून सांगत होते.

“बरळतोय बिचारा,” पाठीवरचा म्हणाला, आणि त्याने आणखी जोरात दाबलं.

त्या आठवड्यात नानांना चार वेळा वाचवण्यात आलं. दर वेळी मोजणी पहिल्यापासून. पाचव्या वेळी तर पुलावरून जाणाऱ्या कुणीतरी थेट पोलिसात कळवलं. हवालदार आला. ओढ्यात काहीतरी काळं, फुगलेलं तरंगत होतं, हलत नव्हतं. (नाना तेव्हा एका कपारीतले मासे बाहेर यायची वाट बघत होते.) हवालदाराने दोन गुराख्यांना पंच म्हणून उभं केलं, दगडावर बैठक मारली आणि पंचनामा लिहायला घेतला. ‘इसम अनोळखी, टक्कल असलेला, वय अंदाजे पंचावन्न...’

तेवढ्यात प्रेताने डोकं वर काढलं आणि म्हणालं, “सोळा!”

हवालदार दगडावरून मागच्या मागे पडला. पंच तर गुरं तिथेच टाकून पळाले, ते संध्याकाळीच परत आले. नानांनी मुखवटा कपाळावर सरकवला, हवालदाराला उठवलं, त्याचा कागद उचलून दिला आणि देताना सवयीने वाचला.

“पंचावन्न कुठलं? त्रेपन्न. आणि हा ‘अंदाजे’ खोडा.”

हवालदाराने भीतभीत खोडला. पण सुरू केलेला कागद फाडायची त्याची छाती होईना आणि पंच तर पळालेले. शेवटी स्वतःच्या मरणाच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून नानांनीच सही केली. त्यानंतर मॅडमनी पुलावर पाटी लावली, ‘खाली माणूस जिवंत आहे. काढू नये.’

गावभर चेष्टा झाली. शेजारीण बायकोला विचारायची, “आज बुडाले का?” बायको एकदा फाडकन म्हणाली, “लोक देव पाण्यात घालून बसतात, मी नवरा घातलाय. बघू कोणाला आधी फळ मिळतं.”

तीन आठवड्यांत मोजणी पुरी झाली. खालच्या साफ भागात, शंभर पावलांत, मासे सात. वरच्या भागात एकाच आडव्या पडलेल्या जुन्या झाडाखाली एकेचाळीस. नानांनी तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा एकेचाळीस.

आकडा ऑफिसात पोचायच्या आधी मेहुण्याच्या कानावर गेला. त्याच संध्याकाळी तो घरी आला. देहाने दार भरून जाईल असा माणूस, आवाजही तसाच. आज मात्र आवाज लोण्यात बुडवून आणला होता.

“भावोजी, तुमची तब्येत जपा हं. पाण्यात फार राहू नका.”

“नाही राहत. मोजून झालं.”

“तेच म्हणतो. एकेचाळीसचे चौदा करा ना. सत्तावीस मासे ते काय, आज आहेत, उद्या मरतील.”

“मेले की वजा करीन,” नाना म्हणाले.

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. “तू तरी सांग यांना.”

“दादा, आमच्या लग्नात तू वऱ्हाड शंभर सांगितलंस. यांनी बोहल्यावरून एकशे बारा मोजले. चोवीस वर्षं ते बारा जण मी रोज ऐकतेय. आता या सत्तावीस माशांचं मी उरलेल्या आयुष्यात ऐकू? मला नाही झेपायचं.”

मेहुणा ताडकन उठला. “मासे कुणी पाहिलेत? हे सांगतात म्हणून मानायचं? मोठ्या साहेबांसमोर बोलेन मी!” चहा तसाच टाकून तो गेला. तसा तो नानांना आधीपासूनच पाण्यात बघत होता, आता खरोखरच तशी वेळ आली.

पुढच्या सोमवारी मोठे साहेब ओढ्यावर आले. मॅडम होत्या, नाना होते, लाकूडतोडे होते. मेहुण्याने छाती काढून आपलं म्हणणं मांडलं. पडलेलं लाकूड म्हणजे कचरा. कचऱ्यात काय राहणार? आणि मोजणारा एकच माणूस, त्याला कोण तपासणार?

“तुम्ही तपासा,” मॅडमनी नानांचा मुखवटा पुढे केला. “उतरा.”

सगळ्यांच्या नजरा मेहुण्यावर. रबरी पोशाख त्याच्या एका पायातच संपला, तेव्हा तो सदरा-पँटसकट पाण्यात शिरला. ओढ्याचं पाणी दोन बोटं वर चढलं. तो नाक फेंदारून नळीकडे बघत राहिला, नानांनी ती कशी धरायची ते दाखवलं, आणि तो त्या जुन्या झाडाजवळ पालथा पडला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाच गेली. नळीतून बारीक ‘हूं, हूं’ असा आवाज येत होता. लाकूडतोड्यांतला एक जण सवयीने त्याचे पाय धरायला निघाला, त्याला मॅडमनी हाताने थांबवलं. अठराव्या मिनिटाला (नानांनी मोजली होती) मेहुण्याने डोकं वर काढलं. मुखवट्याआडचे डोळे मोठे झाले होते. तो इतक्या हळू बोलला, की हा आवाज याचाच का, असं सगळ्यांना वाटलं.

“भावोजी, तो एक मिशावाला आहे, मुळाच्या आत. माझ्याकडे बघत होता.”

“डाव्या बाजूला? तो पंधरावा.”

“आणि ती बारीक पोरं फांदीखाली. किती दाटीने उभी आहेत! पाणी इथं गार आहे हो.”

“ती एकवीस ते तीस.”

मेहुणा नखशिखांत निथळत काठावर आला, साहेबांसमोर उभा राहिला आणि एकदम त्याला आपण कोण ते आठवलं. “पण एकेचाळीस नाहीत!” तो गरजला. “अडतीस आहेत!”

“एकेचाळीस.”

“अडतीस!”

“कपारीतले तीन बघितले?”

“कपारीत काही नाही!”

“तुम्ही आत शिरलात तेव्हा घाबरून आत गेले असतील. पुन्हा बघा.”

“अहो, अडतीस काय आणि एकेचाळीस काय,” मोठे साहेब मध्ये पडले, “खाली किती आहेत?”

“सात,” दोघंही एकदम म्हणाले, आणि मग मेहुणा खाली बघून सदरा पिळू लागला. खालचा काठ चार वर्षांपूर्वी त्यानेच साफ केला होता.

साहेबांनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. ओढ्याच्या दोन्ही काठांना पंचवीस पावलं कुऱ्हाड चालवायची नाही. पडलेलं झाड पडेल तिथे राहील, उभं वाळलेलंही घुबडांच्या ढोल्यांसाठी राहील. मेहुण्याला वरच्या टेकाडावरची, मॅडम दाखवतील तेवढीच झाडं मिळतील. मेहुणा महिनाभर कुरकुरला. टेकाडावरून लाकूड उतरवताना बैलासारखा घाम गाळावा लागतो, ओढ्याकाठचं कसं हातासरशी होतं, असं तो भेटेल त्याला सांगत होता. पण दर रविवारी सकाळी त्याची गाडी ओढ्यापाशी उभी दिसे. नानांना खोटं पाडायला येतो, म्हणायचा. स्वतःसाठी मोठ्या मापाचा रबरी पोशाख त्याने लांबच्या शहरातून मागवला होता.

वर्षाने नाना पुन्हा उतरले, तर जुन्या झाडाखाली मासे एकोणतीस. त्यांनी चार वेळा मोजले. त्यांना जेवण जाईना. बारा नग गेले कुठे? कोठाराला कुलूप तरी असतं. मेहुणा म्हणाला, “मी म्हणत होतो, पहिल्यापासून कमीच होते.” नानांचा संशय मेहुण्यावर, आणि घरात दोन दिवस बोलणं बंद.

तिसऱ्या दिवशी नाना झाडापाशी पालथे पडले असताना मुळांच्या काळ्या पोकळीतून एक चपटं, मिशाळ तोंड बाहेर आलं. लांबलचक तपकिरी अंग, तोंडात मासा. ते पाणमांजर नानांच्या नाकापासून हातभर अंतरावर थांबलं, त्यांच्या मुखवट्यात वाकून बघितल्यासारखं बघितलं आणि तोंडातला मासा न सोडता निवांत पुढे गेलं.

नाना नळी थुंकून ओरडतच ऑफिसात आले, ओल्या पावलांनी, थेट मॅडमच्या खोलीत. “चोर सापडला!”

ऐकून मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी आनंदाने टाळीच वाजवली. या ओढ्यावर बावीस वर्षांत पाणमांजर दिसलं नव्हतं. “नाना, ते आलं म्हणजे ओढा माशांनी भरला! उपाशी घरात कोण राहायला येतं?”

“पण बारा नग, मॅडम!”

“खाल्ले त्याने. खाऊ दे.”

कुणी माल खाल्ला म्हणून वरिष्ठ टाळ्या वाजवतात, हे नानांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. ते रात्री बराच वेळ कूस बदलत होते. पण सकाळी उठल्या उठल्या बायकोला म्हणाले, “चल, तुला दाखवतो. डोळे काय आहेत त्याचे!”

बायको डबा घेऊन निघाली. दोघं काठावर जुन्या झाडासमोर बसली. उन्हाचे कवडसे पाण्यावर हलत होते, वरून कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता. एक तास गेला, दीड गेला. पाण्यात काही हललं नाही. रविवार होता, हे नानांच्या लक्षातच आलं नव्हतं. वरच्या वळणावरून एक नळी संथपणे खाली येत होती आणि तिच्यातून मोजल्याचा आवाज येत होता.

“जाऊ दे हो,” बायको डब्याचं झाकण काढत म्हणाली. “एवढं मोठं जनावर आधीच पाण्यात असताना ते बिचारं कशाला बाहेर येईल?”