कोरड्या हवेची हमी

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या एका यात्रावाल्याने माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. मी बाजारात वाढलेला माणूस आहे, माझी फसवणूक मी बाजारातच वसूल केली असती. पण त्याने दम्याच्या बाईला फसवलं, आणि तेही हवेच्या बाबतीत.

लोक म्हणतात, पावसाने घात केला. खोटं आहे. पाऊस येणार हे आधीच सांगितलं गेलं होतं.

माझा धंदा कूलरचा. वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर रायपूरला आले. मी नोकरीच्या मागे न लागता सायकलवर पेटी बांधून पंखे दुरुस्त करत फिरलो आणि बूढ़ापाऱ्यात दुकान टाकलं. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तसे भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांसोबत साहेब आले, भाड्याच्या बंगल्यांत कचेऱ्या थाटल्या, आणि खिडकी तिथे कूलर हवा झाला. बीरगांवच्या पत्रेवाल्यापासून कचेरीतल्या साहेबापर्यंत मी सगळ्यांशी घासाघीस केली आणि कोणापुढे वाकलो नाही.

उन्हाळ्यात हवामानाची बातमी माझ्याइतकी बारकाईने कोणी वाचत नसेल. ऐन मे महिन्यात ढग आले की माल दुकानात पडून राहतो. पण एकदा पाऊस लागला, वाळ्याच्या ताट्या काढून ठेवल्या, टाक्या उपड्या घातल्या, की होळीपर्यंत रायपूरचा कूलरवाला आभाळाकडे बघत नाही. आमचं आभाळ मृगात संपतं. हे त्या यात्रावाल्याला माहीत होतं. त्याच्या घरचा कूलर माझ्याच हातचा आहे.

बायकोचा दमा श्रावण-भाद्रपदात उसळतो. आमच्याकडे त्या दिवसांत भिंती घाम सोडतात, धुतलेलं लुगडं वाळत नाही. ती भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच झोपते. समता कॉलोनीतले डॉक्टर एकदा म्हणाले की जमलं तर हे दिवस कोरड्या मुलखात काढा. ज्या बाईने कधी साधी साडी मागितली नाही, तिने ते वाक्य धरून ठेवलं. "मले एक डाव कोरड्या हवेत न्या," ती म्हणाली. "पाहू तर द्या, बाकी लोक कसा श्वास घेतात ते."

यात्रावाला त्याच वेळी अबूचा डोंगर आणि पलीकडच्या वाळवंटाची बस नेत होता. आमच्याच समाजातला माणूस. मी बायकोला घेऊन त्याच्याकडे गेलो.

"भाऊ, तिकडं काहाचा पाऊस? तिकडं बाया दोन-दोन कोसांवरून पानी आनतात."

"बायांचं मले नको सांगू. हवा कोरडी राहीन का, ते बोल."

"पापड वाळवा वैनी, इतकी कोरडी. गॅरंटी."

मी घासाघीस सुरू केली. बसमध्ये पुढची जागा. हव. मुक्कामाला खालची खोली, जिना नको. हव. अंघोळीला गरम पाणी. हव भाऊ, हव. बाहेर आल्यावर बायको हसली. "आज तुमाले भांडालेच नाही भेटलं."

अबूला तिचे दोन दिवस फार छान गेले. खडकाळ वाट चढताना ती बोलत होती. दमेकऱ्याच्या घरात राहिलेल्यालाच कळेल, चालणं आणि बोलणं एका वेळी होणं म्हणजे काय. तिने दम्याचा पंप पिशवीतून काढलाही नाही. "आता माहेरी आल्यासारखं वाटून राहिलं," ती म्हणाली. त्या दोन दिवसांसाठी मी त्या माणसाला मनातल्या मनात दुवा दिला. आज तो दुवा मी परत मागतो.

वाळवंटात उतरलो आणि आभाळ फुटलं. आपल्याकडच्या पावसाला जायला नाला असतो, तळं असतं, धानाचं शेत असतं. तिथे पाण्याला वाटच माहीत नाही. उघड्या डोंगरावरून ते एकदम खाली आलं आणि सखल वाळूत साचून बसलं. रस्ता तुटला. आम्ही एका धर्मशाळेत अडकलो. मातीच्या सपाट धाब्याचं छत, पावसासाठी बांधलेलंच नाही. ते ठिबकू लागलं. माझ्या बायकोला मी मागून घेतलेली खालची खोली मिळाली, आणि अंगणातलं पाणी आत शिरून तीच सगळ्यांत आधी ओली झाली. गाद्यांना बुरशीचा वास सुटला, आणि तिची छाती वाजू लागली. पंपाने भागेना. शेवटी गावातला कंपाउंडर ट्रॅक्टरवर बसून पाण्यातून आला, त्याने इंजेक्शन दिलं. तोवर तिची नखं निळी झाली होती. ती माझा हात धरून काही सांगू बघत होती, पण शब्दाला लागणारी हवा तिच्याकडे नव्हती.

ती थोडी सावरली तेव्हा आमच्या बसमधली एक मावशी तिच्या पायाशी येऊन बसली. ही मावशी यात्रावाल्याची शेजारीण. आदल्या दिवशी रस्ता तुटण्याआधी तिने बूथवरून घरी फोन लावला होता, तेव्हा यात्रावाल्याची आई तिच्याच घरी बसलेली होती.

"बापू, तुमी दोघं त्याच्या मायच्या अन् तिच्या बहिनीच्या जागेवर आले, मालूम हाय ना तुमाले?"

"नाही. मंग त्याची माय काहून नाही आली?"

"तिनंच सांगतलं फोनवर. पेपरात आलं होतं म्हने, औंदा पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी तिकडच्या डोंगरात अन् रेतीत जोराचा पाऊस हाय. पोट्ट्यानं वाचलं अन् दोघींचं नाव काटलं. मायले संधिवात हाय ना, ओल सहन नाही होत."

मी उठलो. यात्रावाला ओसरीत चहा पीत होता.

"तू अंदाज वाचला होता का?"

"अरे भैया, हवामानवाले तो बोलते ही रहते हैं. त्यांचं कधी खरं झालं?"

"खोटं होतं, तर मायले काहून उतरवलं?"

त्याने कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "दोन जागा रिकाम्या नेल्या असत्या का मी?"

माझा हात उठला होता. मावशीने मध्ये पडून धरला, नाहीतर त्याला तिथेच त्या पाण्यात बसवलं असतं.

रायपूरला आल्यावर मी हे चारचौघांत मांडलं. समाजाच्या बैठकीत एकजण म्हणाला, "निसर्गापुढं कोनाचं चालते?" दुसरा म्हणाला, "तुमी तर बापा, तापट." म्हणजे दोष माझ्या डोक्याचा. यात्रावाल्याचा पोरगा माझ्या दुकानात येऊन सांगून गेला, "अंकल, पापा ने जानबूझकर थोड़ी किया." आईचं नाव खोडलं ते जाणूनबुजून नव्हतं, तर काय झोपेत खोडलं?

हवामान खात्याला शिव्या घालायची आपल्याला सवय आहे. त्या वर्षी खातं खरं बोललं होतं. ते सांगणं एका माणसाने वाचलं, खरं मानलं, स्वतःच्या आईला त्याचा फायदा दिला आणि माझ्या बायकोला सांगितलं, पापड वाळवा. अंदाज चुकला असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्याने तो चोरला.

बायको आता जिना चढत नाही. समता कॉलोनीच्या डॉक्टरांकडे जायलाही दारात रिक्षा लागते. कुठे फिरायला जाऊ म्हटलं तर म्हणते, "नको, आपल्या घरची ओल बरी, ती ओळखीची हाय." तिला पुन्हा कोणाच्या शब्दावर घराबाहेर पडवत नाही. आणि तो यात्रावाला दरवर्षी गणपतीच्या आधी आपल्या दुकानावर नवा फलक लावतो, वाळवंटाची बस अजून नेतो, आणि वाटेत भेटला की मला नमस्कार करतो.

मला त्याचा नमस्कार नको, भरपाई नको, देवाची करणी तर मुळीच ऐकायची नाही. त्याने आपल्या आईला सोबत घेऊन माझ्या घरी यावं. माझ्या बायकोसमोर बसावं. ती हळू बोलते, मध्ये थांबते, तिचं बोलणं पुरं होऊ द्यावं. मग तिच्याकडे बघून सांगावं: जी हवा त्याच्या आईला सोसणार नव्हती, ती माझ्या बायकोला सोसेल असं त्याला कोणी सांगितलं होतं? आणि बैठकीत ज्यांनी निसर्गाचं नाव घेतलं, त्यांनीही त्या वेळी तिथे हजर राहावं.