म्हातारीच्या चपला

जपानी गेमांचा फेस्टिव्हल आमच्या पेडण्यात झाला, तेव्हा मोठ्या कंपनीच्या साहेबासमोर गेम खेळून दाखवायला मला बसवलं होतं. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून.

मी टॅक्सीवाला. आधी शिरगावला खाणीवर टिपर चालवायचो, खाण बंद पडली तशी टॅक्सी घेतली. शाळेचं म्हणाल तर फोन कोणाचा आलाय ते मी अजून फोटो बघून ओळखतो. फोटो नसला तर उचलत नाही.

त्या दिवशी विमानतळावरून एक जपानी माणूस हॉलवर न्यायचा होता. सोबत डिचोलीची एक पोरगी, जपानी शिकलेली, त्याचं बोलणं आम्हाला सांगायला. वाटेत तिनं सांगितलं, की फेस्टिव्हलला आलेले सगळे असेच, कंपनीबिंपनी नसताना आपापले गेम करणारे. ह्यानं तर नोकरी सोडून कित्येक वर्षं एकट्यानं एकच गेम केला. आज बंगळूरहून एक कंपनीवाला येणार. त्यानं घेतला तर ठीक, नाहीतर हा परत जाऊन मासळीच्या कारखान्यात लागणार आणि गेम कायमचा पेटीत.

मी म्हटलं, "घेतलो म्हणान समज गो!" बोलायला आपलं काय जातंय.

त्याची पेटी आत ठेवायला म्हणून मी हॉलात गेलो आणि तिथेच रेंगाळलो. बाकीच्या टेबलांवर मारामाऱ्या, उड्या, नुसता धुमाकूळ. ह्याचं टेबल संडासाच्या वाटेवर. त्याच्या गेमात एक म्हातारी छत्री घेऊन ओस पडलेल्या गावातून चालते. चालते म्हणजे चालतेच. लोक येत, बघत आणि संडासात जात. परत येताना बघतसुद्धा नसत. तो जपानी मात्र प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता.

तेवढ्यात कंपनीवाला आमच्या टेबलांच्या रांगेत शिरला. पोरीनं माझी बाही ओढली. "काका, बसा हय! रिकामी खुर्ची दिसली तर तो थांबाचो नाय."

मी बसलो. कंपनीवाला खरंच थांबला, माझ्या पाठीमागे उभा राहिला. मी टिपर चालवल्यासारखा दोन्ही हातांनी रिमोट धरला आणि म्हातारीला टेकडीवर चढवलं. वर देऊळ. जपानी, पण देऊळच. पायरीपाशी मी ब्रेक मारला.

"गो बाय, चपला काढूचा बटन खंयचा?"

"तसा बटन नाय, काका. सरळ भितर व्हरा तिका."

"चपला घालून? देवळात?"

"काका, गेम आसा तो!"

मला काही ते जमेना. एक बटन दाबलं, छत्री उघडली. दुसरं दाबलं, म्हातारी खाली बसली. तिसरं दाबलं, ती पाठ फिरवून टेकडी उतरायला लागली. तिला परत वर आणली, तर परत छत्री. मागून "थँक यू" ऐकू आलं. वळून बघतो तर कंपनीवाला मोबाईल कानाला लावून पुढच्या टेबलावर. जपानी त्याच्या पाठीला वाकून नमस्कार करत होता. तो परत आलाच नाही.

मग मी म्हातारीला चपलांसकट आत घातली. तिनं दिवा लावला. आणि खालच्या त्या ओसाड गावात एकेक खिडकी उजळत गेली, पार डोंगराच्या टोकापर्यंत. एवढ्यासाठीच त्यानं ती सगळी वर्षं घातली असणार. बघायला कोण? मी.

संध्याकाळी त्यानं वायरी गुंडाळल्या, पेटी बंद केली. मलाही वाकून नमस्कार केला, कंपनीवाल्याला केला तेवढाच. मला राहवलं नाही. पोरीला म्हटलं, "त्याका सांग, गेम एकदम फर्स्टक्लास. माका आवडलो."

तिनं त्याला काही सांगितलं नाही. पेटीचं एक टोक उचललं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुमका कोणी इचारल्यान, काका? गाडी काढा."